दोन तासांचा खेळ आणि त्यावर पानभर: इंटरॅक्टिव्ह फिक्शन स्पर्धेतल्या खेळांचं परीक्षण कसं लिहावं

इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणजे वाचत वाचत खेळायचे, मजकुरावर चालणारे खेळ. त्यांच्या हौशी स्पर्धेत खेळ उतरवणाऱ्याच्या हाती पैसा फारसा लागत नाही. रात्री जागून लिहिलेला खेळ कुणीतरी मन लावून खेळावा आणि खेळताना काय झालं ते नीट सांगावं, एवढी त्याची अपेक्षा असते. ती पुरी करायला समीक्षक असावं लागत नाही, प्रोग्रॅमर तर मुळीच नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. परीक्षणातलं प्रत्येक मत खेळातल्या एखाद्या ठरावीक क्षणाला बांधलेलं हवं: मी काय केलं, खेळाने काय उत्तर दिलं, त्यावर मला काय वाटलं. हे तिन्ही खेळता खेळताच टिपावं लागतं. नंतर आठवून लिहू म्हटलं, की हाती उरतात ‘छान’, ‘रटाळ’, ‘वातावरण चांगलं जमलंय’ असली विशेषणं, आणि ती कुठल्याही खेळाला लागू पडतात.

खेळाचा प्रकार ओळखा

मजकुरावर चालणाऱ्या या खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पार्सर खेळात तुम्ही आज्ञा टाइप करता (‘दार उघड’, ‘उत्तरेला जा’) आणि खेळ तिचा अर्थ लावून पुढची हकीकत सांगतो. 1970च्या दशकातल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’पासून चालत आलेली ही परंपरा आहे, आजचे असे खेळ बरेचदा इन्फॉर्म किंवा टॅड्स या साधनांत लिहिलेले असतात. दुसरा प्रकार निवडीचा. पडद्यावर दुवे किंवा पर्याय दिसतात, तुम्ही एकावर क्लिक करता. ट्वाइन हे असे खेळ लिहायचं साधन 2009 साली आलं आणि कोडिंगची पार्श्वभूमी नसलेले कितीतरी लोक त्यामुळे असे खेळ लिहू लागले. इंक आणि चॉइसस्क्रिप्ट ही त्याच वाटेवरची आणखी दोन साधनं. दोन्हींची सरमिसळ करणारे खेळही असतात.

हा फरक तुम्हाला कशासाठी हवा? पार्सर खेळ ‘काहीही टाइप कर’ असं वचन देतो, तेव्हा ते कितपत पाळलं हे बघायचं. निवडीचा खेळ सगळ्या वाटा समोर मांडतो, तेव्हा त्या वाटांना वजन किती आहे हे बघायचं. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली की परीक्षण फसतं. ‘यात मला हवं ते करताच आलं नाही’ ही ट्वाइन खेळाविषयी तक्रार होऊ शकत नाही.

स्पर्धेचे नियम वाचा

या क्षेत्रातली सगळ्यांत नावाजलेली वार्षिक स्पर्धा म्हणजे इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन, बोलीभाषेत आयएफकॉम्प. ती 1995 साली सुरू झाली. सुरुवातीला मोजके खेळ येत. 2020 साली संख्या शंभरावर गेली. परीक्षक कुणीही होऊ शकतो, पण तिथे दोन नियम मोलाचे आहेत. गुण खेळाच्या पहिल्या दोन तासांच्या अनुभवावर द्यायचे, आणि निदान पाच खेळांना गुण दिले तरच तुमचे गुण धरले जातात. गुण 1 ते 10. खेळ सप्टेंबरच्या सुरुवातीला खुले होतात आणि गुण द्यायला साधारण सहा आठवडे मिळतात.

इतर स्पर्धांचे हिशोब वेगळे आहेत. एक्टोकॉम्पच्या ‘ला पेतित मोर’ विभागातले खेळ लेखकाने चार तासांत लिहिलेले असतात. तिथे ‘अजून दोन खोल्या असत्या तर’ म्हणण्यात अर्थ नाही. इंट्रोकॉम्पसारख्या स्पर्धेत खेळाची फक्त सुरुवातच सादर होते, म्हणून प्रश्न एकच: पुढचा खेळ खेळावासा वाटतो का? स्प्रिंग थिंगमधला ‘बॅक गार्डन’ विभाग प्रयोगांसाठी आणि अर्धवट कामांसाठी राखलेला आहे, तिथल्या खेळाला ‘अपुरा’ म्हणून झोडपणं म्हणजे दारावरची पाटी न वाचता आत शिरणं. म्हणून खेळाआधी नियम वाचा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

कोणता खेळ घ्यायचा

यादीच्या वरून खाली जाऊ नका. सगळेच तसं करतात, मग वरच्या खेळांवर वीस परीक्षणं आणि खालच्यांवर दोन. आयएफकॉम्पच्या संकेतस्थळावर यादी स्वतःपुरती पिसून घ्यायची सोय आहे, ती वापरा. मुखपृष्ठ आकर्षक, नाव ओळखीचं अशा कारणांनी निवडलंत तर तुमची पसंती आधीच एका बाजूला झुकलेली असते. तरीही नवशिक्याने पहिले दोन-तीन खेळ आपल्या आवडीच्या प्रकारातले घ्यायला हरकत नाही. हात बसायला तेवढं चालतं.

खेळाच्या पानावर एक छोटा परिचय, लेखकाने सांगितलेला अंदाजे वेळ आणि आशयाविषयीच्या सूचना असतात. तिन्ही वाचा, नोंदून ठेवा. लेखकाने ‘अर्धा तास’ म्हटलंय आणि तुम्ही पावणेदोन तासांनीही अडकलेले आहात, तर ही माहिती परीक्षणात जायलाच हवी. परिचयात विनोदी खेळाचं आश्वासन आहे आणि आत शोककथा निघाली, हेही. हिंसा, आत्महत्या, छळ अशा सूचना असतील आणि तो विषय तुम्हाला झेपणारा नसेल, तर खेळ सोडून द्या. सगळे खेळ खेळण्याची सक्ती कुणावरच नाही.

दुसऱ्यांची परीक्षणं आधी वाचू नका. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, पण दुसऱ्याने ‘मधला भाग रेंगाळतो’ म्हटलेलं डोक्यात राहिलं की तुम्हालाही तो रेंगाळल्यासारखा वाटू लागतो. आपलं लिहून झाल्यावर मात्र जरूर वाचा. आपल्या नजरेतून काय निसटलं ते तिथे कळतं.

खेळायला बसण्याआधी

पार्सर खेळ ब्राउझरमध्येही चालतात, पण परीक्षण लिहायचं असेल तर गारगॉइल किंवा फ्रॉट्झसारखा इंटरप्रिटर (खेळाची फाइल चालवणारा प्रोग्रॅम) उतरवून घेणं बरं. कारण एकच: ट्रान्स्क्रिप्ट. खेळ सुरू होताच ‘ट्रान्स्क्रिप्ट’ किंवा ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा दिली की तुम्ही टाइप केलेलं आणि खेळाने उत्तरादाखल दिलेलं सगळं एका फाइलमध्ये साठत जातं. मधे काही सुचलं तर ओळीच्या सुरुवातीला तारांकन टाकून तिथेच लिहा: ‘* या पत्राचं पुढे काय झालं?’ खेळ फार तर ‘कळलं नाही’ म्हणेल. नोंद जागच्या जागी राहते. माझ्या मते परीक्षकाच्या हातातलं याहून कामाचं साधन दुसरं नाही.

निवडीच्या खेळांत बहुधा ही सोय नसते. तिथे शेजारी नोंदवही किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवा, आवडलेली वाक्यं चिकटवून घ्या, चुकीच्या पडद्यांचे स्क्रीनशॉट काढा. कोणत्या वळणावर काय निवडलं ते दोन शब्दांत टिपा, नाहीतर दुसऱ्यांदा खेळताना वेगळी वाट धरली की तीच हे कळणार नाही.

पार्सरला नवीन असाल तर नेहमीचे संक्षेप आधी शिकून घ्या. इंग्रजी खेळांत ‘एक्स’ म्हणजे वस्तू निरखून पाहणं, ‘आय’ म्हणजे आपल्याजवळ काय आहे, ‘एल’ म्हणजे आसपास पुन्हा नजर टाकणं, ‘झेड’ म्हणजे थांबणं, ‘जी’ म्हणजे मागचीच आज्ञा पुन्हा. दिशांसाठी पहिलं अक्षर पुरतं. ‘अनडू’ने एक पाऊल मागे येता येतं. या मूलभूत गोष्टी खेळाने शिकवल्या नाहीत म्हणून त्याचे गुण कापणं रास्त नाही. मात्र एखादी खास, नेहमीपेक्षा वेगळी आज्ञा लागत असेल आणि ती कुठेच सांगितलेली नसेल, तर तो दोष खेळाचाच. म्हणून सुरुवातीलाच ‘अबाउट’ आणि ‘हेल्प’ टाइप करून पाहा. ‘क्रेडिट्स’मध्ये खेळ कुणी तपासला त्यांची नावं आहेत का तेही बघा. चाचणीदारांचा उल्लेखच नसेल तर चुकांची तयारी ठेवा, पण तेवढ्यावरून परीक्षण मनातल्या मनात लिहून टाकू नका.

खेळताना

पहिल्या पाच मिनिटांकडे बारीक लक्ष ठेवा. मी कोण आहे, कुठे आहे, मला काय हवंय, निदान पहिलं पाऊल कुठे टाकायचं, हे समजतंय का? सगळं लगेच समजलंच पाहिजे असं नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या नायकाच्या खेळात ते समजणारही नाही. पण खेळाडू गोंधळलाय तो लेखकाच्या इच्छेने की लेखकाच्या नकळत, हे तुम्हाला सांगता यायला हवं.

पार्सर खेळात वर्णनातली नामं तपासून पाहा. खोलीच्या वर्णनात ‘टेबलावर पितळी दिवा’ आहे, तुम्ही दिवा निरखू पाहता आणि खेळ म्हणतो, ‘तसं इथे काही दिसत नाही.’ असं एकदा झालं तर चालून जातं. दर खोलीत होत राहिलं तर त्या जगावरचा विश्वास उडतो आणि खेळाडू वर्णन वाचणंच सोडून देतो, हा खरा तोटा. एकाच वस्तूला दोन-तीन नावांनी हाक मारून बघा. आणि ज्या कृतीने काही साधणार नाही पण कोणीही माणूस सहज करून पाहील, अशी एखादी कृती करा: आरशात बघा, बंद दारावर टकटक करा. तिथे ठरावीक छापाचं उत्तर येतं की लेखकाने तुमच्यासाठी एखादी ओळ लिहून ठेवली आहे? हौशी खेळांतली सगळ्यांत गोड जागा अशा ठिकाणी सापडते, आणि लेखकाला तिची दखल घेतलेली फार आवडते.

निवडीच्या खेळात पहिली फेरी जशी सुचेल तशी, न थांबता खेळा. मागे जाण्याचं बटण असलं तरी वापरू नका. पहिला अनुभव एकदाच मिळतो. छोटा खेळ असेल तर दुसऱ्या फेरीत मुद्दाम उलट निवडी करा. आता दिसेल की कोणत्या निवडीने खरोखर काही बदललं, कोणती फक्त पुढच्या परिच्छेदापुरती होती आणि कोणती खेळाने लक्षात ठेवून पुढे वापरली. निवडीने कथानक बदललं नाही म्हणजे लगेच फसवणूक झाली, असं मात्र धरून चालू नका. ‘आईला काय उत्तर देशील?’ असं विचारून तीन उत्तरं समोर ठेवली आणि आईचं म्हणणं तिन्हींनंतर सारखंच राहिलं, तरी उत्तर निवडताना खेळाडूच्या मनात काहीतरी ठरतं. ते ठरावं अशी लेखकाची इच्छा होती का, आणि तसं झालं का, हे विचारायचं. चार ठिकाणी ‘याचा परिणाम होईल’ असं सुचवून कुठेच काही न होणं, हे वेगळं. त्यावर बोट ठेवा.

अडकलात तर? आधी थोडा वेळ झगडा. किती, ते खेळावर आणि तुमच्यावर आहे. मी पंधरा-वीस मिनिटं नुसता फिरत राहिलो की संकेत उघडतो. संकेत किंवा वॉकथ्रू (खेळ पायरी-पायरीने सोडवून दाखवणारी टिपणं) वापरण्यात कमीपणा नाही. दोन तासांतला दीड तास एका कुलपापाशी काढलात तर परीक्षण त्या कुलपाचंच होईल. उत्तर पाहिल्यावर लगेच एक नोंद करा: ‘अरे हो, हे सुचायला हवं होतं’ असं वाटलं, की ‘हे मला सात जन्मांत सुचलं नसतं’? पहिली प्रतिक्रिया आली तर कोडं ठीक आहे, दुसरी आली तर दुवा कुठे कमी पडला ते शोधा. ही प्रतिक्रिया दहा मिनिटांत विरते, म्हणून लगेच लिहायची.

सेव्ह करत राहा, वेगवेगळ्या नावांनी. काही खेळांत तुमच्या नकळत जिंकण्याची वाट कायमची बंद होते. अँड्र्यू प्लॉटकिन यांनी यासाठी खेळांची एक चढती भांजणी मांडली, ‘दयाळू’पासून ‘क्रूर’पर्यंत: दयाळू खेळात तुम्ही कधीच अडकून पडत नाही, क्रूर खेळात अडकलो हेही फार उशिरा कळतं. खेळ या भांजणीत कुठे बसतो ते परीक्षणात सांगितलं की वाचकाला किती वेळा सेव्ह करायचं याचा अंदाज येतो.

दोन तास झाले

थांबा आणि गुण लिहा. खेळ संपला नसेल तरी. पुढे खेळायला मोकळे आहात, परीक्षणात उरलेल्या भागाविषयीही लिहू शकता, पण गुण बदलायचे नाहीत. परीक्षणात स्पष्ट सांगा: किती वेळ खेळलो, शेवट गाठला का, संकेत किती वापरले. शेवट न पाहता शेवटाबद्दल मत देऊ नका. सांगायची गरज नाही असं वाटेल, तरी लोक ते करतात.

मग शक्य असेल तर रात्रभर जाऊ द्या. खेळून उठल्याबरोबर लिहिलेल्या परीक्षणात शेवटच्या दहा मिनिटांचाच प्रभाव असतो. शेवटी एक बग लागला की आधीचा सुंदर तासभर दिसेनासा होतो.

लिहायला घेताना

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा खेळ काय करू पाहत होता? त्याचं उत्तर एका वाक्यात लिहा आणि मग बाकीचं. 1998 साली आयएफकॉम्प जिंकलेल्या ‘फोटोपिया’त कोडी जवळजवळ नव्हतीच, आणि त्यावरून वाद झडले. कोड्यांची अपेक्षा ठेवून आलेल्याला तो खेळ पोकळ वाटू शकतो. पण तो कोड्यांचा खेळ व्हायलाच बघत नव्हता. ‘मला कोड्यांचे खेळ आवडतात, त्यामुळे हा मला रुचला नाही’ हे प्रामाणिक वाक्य आहे. ‘यात कोडी नाहीत म्हणून हा खेळच नव्हे’ हे परीक्षण नाही.

एका पानात काय काय मावतं? दोन-तीन वाक्यांत परिस्थिती: मी कोण, कुठे, काय साधायचंय. कथानक सांगत बसू नका. परीक्षणाचा अर्धा भाग गोष्टीच्या सारांशात गेला तर खेळलेल्याला तो कंटाळवाणा आणि न खेळलेल्याला घातक. मग खेळाचं जे सगळ्यांत जमलंय ते. मग जिथे अडखळलो ते. शेवटी हा कुणाला आवडेल. हा क्रम पाळलाच पाहिजे असं नाही; सगळा खेळ एका चमकदार कल्पनेवर उभा असेल तर सगळं पान त्या कल्पनेला द्या आणि टायपिंगच्या चुका विसरून जा.

नमुन्यादाखल एक काल्पनिक खेळ घेऊ. बंद पडलेल्या वेधशाळेत रात्री आलेली एक तंत्रज्ञ, घुमट उघडून पहाटेपर्यंत एक धूमकेतू टिपायचा आहे. पार्सर खेळ. पहिल्या खर्ड्यात आपण लिहितो:

‘वातावरण छान आहे पण कोडी फार अन्यायकारक वाटली. इम्प्लिमेंटेशन अजून पॉलिश हवं होतं.’

यातून लेखकाला काहीच करता येत नाही. कोणतं कोडं? कशात अन्याय? आता ट्रान्स्क्रिप्ट उघडून तेच पुन्हा लिहू:

‘घुमटाची कप्पी फिरवायची आहे हे मला पटकन कळलं. पण मी ती ओढली, ढकलली, धरली, तिन्ही वेळा ‘त्याने काही होणार नाही’ एवढंच उत्तर आलं. त्यामुळे कप्पी निव्वळ सजावटीची आहे असं समजून मी तळघरात शोधत बसलो. ‘फिरव’ हीच एक आज्ञा चालते हे वॉकथ्रूमधून कळलं. ‘ती गंजलीय, सरळ ओढून हलायची नाही’ असं एखादं उत्तर आलं असतं तरी मी वाटेवर राहिलो असतो.’

इथे अन्याय हा शब्दच लागला नाही. कुठे, काय केल्यावर, काय उत्तर आलं आणि त्याने माझा काय समज झाला, हे लेखकाला कळलं. दुरुस्ती त्याची तो करील. शेवटच्या वाक्यातली सूचना ऐच्छिक आहे. देताना एक ध्यानात ठेवा: खेळाडूला अडचण कुठे आली हे खेळाडूच जास्त चांगलं सांगतो, उपाय मात्र बरेचदा लेखकालाच जास्त चांगला सुचतो. म्हणून लक्षण सविस्तर, औषध थोडक्यात.

कौतुकालाही हाच नियम लावा. ‘लेखन सुंदर’ यापेक्षा: ‘दुर्बिणीची काच पुसताना खेळ दर वेळी थोडं वेगळं वर्णन देतो आणि चौथ्यांदा नायिकेला आपला गुरू काच कसा पुसायचा ते आठवतं. तिच्या भूतकाळाबद्दल तोवर एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं.’ लेखकाने ही चौथी ओळ कुणाला सापडेल की नाही अशा धाकधुकीत लिहिलेली असते.

तीन गोष्टींची गल्लत टाळा: बग, रचनेचा निर्णय आणि तुमची आवड. घुमट उघडल्यावरही वर्णनात तो बंदच दिसतो, हा बग. पहाट दीडशे चालींनंतर होते आणि मग खेळ संपतो, हा निर्णय. तो कितपत साधला यावर वाद होऊ शकतो. वेळेचं बंधन तुम्हाला मुळातच नकोसं वाटतं, ही आवड. तिन्ही परीक्षणात येऊ द्या, फक्त एकीला दुसरीचं नाव देऊ नका. अक्षरं आपोआप सावकाश उमटत जाणारे खेळ माझ्या डोक्यात जातात. लिहिताना मी ते पहिल्याच ओळीत सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला वजाबाकी करता येते. (तरी एवढं म्हणतो: दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला तो संथ मजकूर पुढे ढकलायची सोय नसेल, तर ती आवडीची बाब राहत नाही. भराभर वाचणाऱ्याला आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला, दोघांनाही त्याचा जाच होतो.)

गुपितं आणि भाषा

रहस्य फोडायचं असेल तर वेगळा भाग करा, वर ठळक इशारा द्या आणि मधे जागा सोडा. इशाऱ्याशिवायच्या भागात किती सांगावं? साधारण पहिल्या अंकाइतकं. शीर्षकातच रहस्य फोडणारे महाभाग असतात. तुम्ही त्यांत जाऊ नका. आणि ‘शेवटी एक धक्का आहे, सांगत नाही’ हेही अर्धं फोडणंच आहे, कारण मग खेळाडू धक्क्याची वाट बघत खेळतो.

लेखकाविषयी लिहू नका, खेळाविषयी लिहा. टोपणनावाने खेळ सादर करणं इथे सर्रास चालतं, तेव्हा ‘हा लेखक नवखा दिसतो’, ‘ही त्याची मातृभाषा नसावी’ असे अंदाज बांधणं अप्रस्तुत आणि पुष्कळदा चुकीचंही असतं. भाषेच्या चुका असतील तर दोन ठिकाणं दाखवा, बास. उपरोध टाळा. हौशी खेळाची टर उडवणं सोपं असतं, वाचायलाही मजा येते, पण त्यातून लेखकाला काही मिळत नाही. याचा अर्थ गुळमुळीत लिहा असा नाही. खेळ आवडला नसेल तर सरळ तसं सांगा. भरपूर स्तुतीखाली दडवलेली तक्रार लेखकाला सापडतच नाही, आणि मग तो पुढच्या वर्षी तेच करतो.

गुण

1 ते 10 मधला प्रत्येक आकडा तुमच्यासाठी काय आहे ते पहिल्या खेळाआधी एका कागदावर लिहा. उदाहरणार्थ, 5 म्हणजे नीट चालतो पण लक्षात राहणार नाही, 8 म्हणजे मित्राला सुचवीन, 10 म्हणजे स्पर्धा विसरून पुन्हा खेळीन. नाहीतर पहिल्याच बऱ्या खेळाला 9 देऊन बसाल आणि खरा चांगला खेळ आल्यावर वर जागा उरणार नाही. पाच-सहा खेळ झाले की आधीचे गुण एकदा तुलनेने तपासा. दोन तासांनंतर गुण न बदलण्याचा नियम पुढे खेळलेल्या भागासाठी आहे. तुमच्या मोजपट्टीतली चूक सुधारायला मुदत संपेपर्यंत मोकळीक असते.

टोकाचे गुण द्यायला घाबरू नका. ज्या खेळाच्या गुणांत सगळ्यांत जास्त तफावत असते त्याला आयएफकॉम्पमध्ये ‘गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड’ नावाचा खास मान मिळतो, म्हणजे मतभेद हा तिथे साजरा करण्याचा विषय आहे.

परीक्षणात गुण छापायचे की नाही हे तुमच्यावर. मी छापत नाही. आकडा दिसला की लोक, लेखकसुद्धा, तेवढाच वाचतात.

लिहून झाल्यावर

आयएफकॉम्पमध्ये परीक्षणाच्या काळातही लेखक खेळात दुरुस्त्या करू शकतात. म्हणून परीक्षणाच्या वर खेळल्याची तारीख टाका, आणि खेळात आवृत्तीचा क्रमांक दिसत असेल तर तोही. पार्सर खेळात ‘व्हर्जन’ टाइप केलं की तो मिळतो. तुम्ही दाखवलेला बग आठवड्याने नाहीसा झाला तर परीक्षणात एक ओळ जोडा. मूळ मजकूर पुसू नका.

टायपिंगच्या चुका, निसटलेली नामं, चुकीचे दुवे यांची लांबलचक यादी परीक्षणात घालू नका. ती लेखकाला खासगीत पाठवा, सोबत ट्रान्स्क्रिप्टची फाइल जोडा. ट्रान्स्क्रिप्टमध्ये तुम्ही तारांकन टाकून लिहिलेल्या चिडक्या ओळी असतील तर पाठवण्याआधी त्या एकदा वाचून बघा. शिव्या असतील तेवढ्या काढा, बाकीचं तसंच ठेवा. नेमका कुठे खेळाडूचा धीर सुटला हे लेखकाला त्या ओळींवरूनच कळतं.